टाइल लागण्यापूर्वी

१० फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधल्या चिंटल्स पॅराडाइसो या गृहसंकुलात डी टॉवरच्या सहाव्या मजल्यावरचा एक स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब सोबत घेत पहिल्या मजल्यापर्यंत आला. दोन महिलांचा जीव गेला. लोक तिथे राहायला येऊन दहा वर्षेही झाली नव्हती. पुढे आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी टॉवरचे काँक्रीट तपासले. त्यात क्लोराइड होते, त्याने आतली सळई गंजली होती, आणि दुरुस्ती करून टॉवर वाचवण्यात अर्थ नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दिल्ली परिसरात त्यानंतर जो कुणी घर बांधायला काढतो, त्याच्या मनात ही घटना असतेच. हा लेख मात्र टॉवरचा नाही. गुरुग्रामच्या प्लॉटवरच्या घरांमागे, छतरपूरच्या फार्महाउसात जे छोटे काँक्रीटचे पोहण्याचे तलाव होत आहेत, त्यांचा आहे. काँक्रीट तेच, सळई तीच. फरक एवढाच की इथे एका बाजूला बारा महिने पाणी असते आणि दुसऱ्या बाजूला माती, म्हणून दोन्हीकडून गंजाला वाट असते. खालच्या संवादातली आत्या आणि भाचा काल्पनिक आहेत. घटना, मानके आणि आकडे खरे आहेत. आत्या सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेली इंजिनिअर, आयुष्य दिल्लीच्या पाण्याच्या टाक्यांवर गेलेले. भाचा गुरुग्रामला नोकरी करतो. घराचा सांगाडा उभा राहिला आहे आणि मागच्या अंगणात तलावाचा खड्डा खोदून झाला आहे.

भाचा : आत्या, करारनामा वाच. आराखडा त्यांचा, काँक्रीट त्यांचं, वॉटरप्रूफिंग त्यांचं, पंप आणि फिल्टरही त्यांचेच. वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची हमी लेखी दिली आहे. मी इंजिनिअर नाही. मी तिथे उभा राहून सळईकडे बघितलं काय आणि नाही बघितलं काय, मला त्यातलं काही कळत नाही. माणसं नीट निवडायची आणि त्यांना काम करू द्यायचं, हे माझं धोरण.

आत्या : हमी वाचली. शेवटच्या ओळीत 'स्ट्रक्चरल क्रॅक वगळून' असं आहे, ते पाहिलंस? काँक्रीटला तडा गेला की लेपाची हमी संपली. आणि तलाव गळतो तो बहुतेक वेळा तिथेच.

भाचा : काँक्रीटही त्यांचंच आहे ना! म्हणूनच सगळं एकाकडे दिलं. उद्या गळला तर एकमेकांकडे बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

आत्या : तसंच त्यांच्याकडे बोट दाखवायलाही कुणी नाही. आराखडा करणारा, बांधणारा आणि 'ठीक झालं' म्हणून सही करणारा एकच. तिथे तुझ्या बाजूने पाहणारं कोण आहे?

भाचा : तपासणीवर तुझा एवढा विश्वास आहे, तर मला एक सांग. चिंटल्समध्ये तपासणी नव्हती का? परवानग्या होत्या, भोगवटा प्रमाणपत्र होतं. दिल्लीतल्या मुखर्जी नगरचं सिग्नेचर व्ह्यू हे संकुल तर डीडीएनं, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणानं बांधलं. सरकारी इंजिनिअर, सरकारी देखरेख. दहा-बारा वर्षांत त्या इमारती राहण्यालायक उरल्या नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या पाडायला मान्यता दिली. मग कागदावरच्या तपासणीनं साधलं काय?

आत्या : हे मला लागलं, आणि लागायलाच हवं. तू म्हणतोस ते खरं आहे. कागद तपासणारे खूप असतात. भोगवटा प्रमाणपत्र देणारा नकाशा बघतो, जिने आणि आगीची व्यवस्था बघतो. काँक्रीटच्या आत काय गेलं ते त्याला दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा सगळं झाकलेलं असतं. म्हणून मी म्हणते, झाकण्याआधी बघ. तुझ्या तलावात झाकण्याचे प्रसंग मोजकेच आहेत. काँक्रीट पडलं की सळई झाकली जाते, गिलावा झाला की काँक्रीट झाकलं जातं, टाइल लागली की लेप झाकला जातो. त्यानंतर कितीही शहाणा माणूस आणलास तरी त्याला फोडूनच बघावं लागतं.

भाचा : पण बघायचं काय, हा प्रश्न उरतोच.

आत्या : पाण्यापासून सुरू कर. साइटवर पाणी कुठलं येतं?

भाचा : टँकरचं. गुरुग्राममध्ये बांधकामाला बोअरचं पाणी वापरायला २०१२ मध्येच पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं मनाई केली. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी आणतो, असं टँकरवाला सांगतो.

आत्या : तो सांगतो. कुठे भरतो ते त्यालाच ठाऊक. नजफगढच्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी कित्येक ठिकाणी खारट आहे, आणि टँकरच्या पोटात कुठलं पाणी आहे ते डोळ्यांनी कळत नाही. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. दोन बाटल्या भरून प्रयोगशाळेत दे. बल्लभगडला राष्ट्रीय सिमेंट परिषदेची प्रयोगशाळा आहे, दिल्लीत श्रीराम इन्स्टिट्यूट आहे. घराच्या खर्चात हा खर्च दिसणारही नाही.

भाचा : काँक्रीट तर रेडी मिक्स येणार आहे. पाणी प्लांटचं.

आत्या : मग प्लांटकडून त्यांच्या पाण्याचा आणि वाळूचा अहवाल माग. एक घनमीटर काँक्रीटमध्ये सगळं मिळून क्लोराइड ०.६ किलोच्या वर नको. आणि टँकरचं पाणी तरीही तपास, कारण पुढे दोन आठवडे भिंतींवर तेच मारलं जाणार आहे. आता सांग, पाणी शुद्ध ठेवायला काय बसवतोयस?

भाचा : सॉल्ट क्लोरिनेटर. क्लोरीनचा वास नको, डोळे चुरचुरायला नकोत.

आत्या : म्हणजे लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ घातलेलं पाणी तुझ्या काँक्रीटला जन्मभर चिकटून राहणार. बसव, माझी हरकत नाही. पण मग सळईवर काँक्रीटचं कव्हर किती आहे हा तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा झाला. पाणी साठवणाऱ्या बांधकामाचं मानक आयएस ३३७०. त्यात काँक्रीट किमान एम-३०, पाणी आणि सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या आत. कव्हर ४५ मिलिमीटर धर. मीठ आत पोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. ते ४५ मिलिमीटर म्हणजे तुझ्या तलावाचं आयुष्य. ते बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, टेप लागते. काँक्रीटच्या आदल्या दिवशी जा. सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक आहेत की विटेचे तुकडे आणि दगडाच्या चिपा सरकवल्यात, ते बघ. वीट पाणी पिते आणि सरळ सळईपर्यंत पोचवते. तळाची वरची जाळी सळईच्या खुर्च्यांवर, चेअरवर, उभी आहे की माणसांच्या पायाखाली दबून खालच्या जाळीला टेकली, तेही बघ. फोटो काढ, टेप फोटोत दिसू दे.

भाचा : एवढं मी करू शकतो. पण काँक्रीटच्या दिवशी माझा उपयोग काय? मी चहा प्यायला गेलो की ड्रायव्हर पाणी घालणार. मी दिवसभर कुणावर पहारा देऊ?

आत्या : दिवस नाही, काही तास. तुझा तलाव दहा मीटर बाय साडेचार. तळ पाव मीटर जाड, भिंती वीस सेंटिमीटर, म्हणजे काँक्रीट जेमतेम २० घनमीटर. चार गाड्या. प्रत्येकीच्या चलानवर प्लांटमधून भरल्याची वेळ लिहिलेली असते. रेडी मिक्सचं मानक दोन तासांत गाडी रिकामी व्हायला सांगतं. सोहना रोडवर अडकलेली गाडी तिसऱ्या तासाला आली की काँक्रीट घट्ट झालेलं असतं, पंपात जात नाही, आणि मग कुणीतरी पाइप घेऊन ड्रममध्ये पाणी सोडतो. सहा घनमीटरच्या गाडीत सहा बादल्या गेल्या तर घनमीटरमागे १५ लिटर वाढलं. ३५० किलो सिमेंटला ०.४५ चं प्रमाण ०.४९ वर गेलं. नुसत्या डोळ्यांना हे काँक्रीट जास्त छान दिसतं, सरसर पसरतं. पण ते जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक वाटा ठेवतं. त्याच वाटांनी तुझं खारं पाणी आत जाईल.

भाचा : मग काय, गाडी परत पाठवू? पंपाचं भाडं चालू, अर्धी भिंत भरलेली, वीस माणसं उभी?

आत्या : परत पाठव. किंवा प्लांटच्या माणसाला त्याच्या देखरेखीखाली ॲडमिक्स्चरचा डोस द्यायला सांग. पाणी नाही. आणि अर्ध्या भिंतीत थांबावं लागू नये म्हणून तळ आणि भिंतीचा जोड कुठे येणार, तिथे पाणी अडवणारी पट्टी, वॉटरबार, बसलाय का, हे आधी ठरव. काँक्रीट कुठे थांबेल ते ट्रॅफिकनं ठरवता कामा नये.

भाचा : आणि ग्रॅपनं, म्हणजे हवा बिघडली की दिल्ली परिसरात टप्प्याटप्प्यानं लागणाऱ्या निर्बंधांनी? गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या आसपास हवा बिघडते आणि तिसरा टप्पा लागला की बांधकामं बंद. माझा ठेकेदार म्हणतो, नोव्हेंबरमध्ये करू, तेव्हा माणसं मिळतात.

आत्या : नोव्हेंबरमध्ये मुळीच नको. तळ झालाय, भिंतींच्या सळया उघड्या आहेत आणि काम बंद पडलंय, अशी साइट आठवड्यामागून आठवडे ओस पडली तर त्या जोडात धूळ बसते, सळईला गंज धरतो. इथलं हवामान काँक्रीटला फार थोडे चांगले दिवस देतं. मे-जूनमध्ये पारा चाळीसच्या वर, पावसात खड्ड्यात पाणी, जानेवारीत पहाटे पाच अंशांच्या खाली. पाऊस संपल्यापासून ग्रॅप लागेपर्यंतचा काळ तुझा. तेवढ्यात तलावाचं कवच पूर्ण कर.

भाचा : क्यूबचं, म्हणजे काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यांचं काय? ठेकेदार म्हणतो, अहवाल देतो. मला त्यावर भरवसा नाही. क्यूबसाठी वेगळं, चांगलं काँक्रीट भरल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात.

आत्या : ऐकल्यात, आणि मी पाहिल्याही आहेत. एका दिवसात २० घनमीटर पडणार असेल तर तीन नमुने, म्हणजे नऊ क्यूब. तू उभा असताना भर, त्यावर तारीख आणि सही खोद, आणि २८ दिवसांच्या चाचणीला ते तुझ्या गाडीतून जाऊ देत. पण क्यूब फक्त एवढंच सांगतो की गाडीतून काय आलं. भिंतीत काय झालं ते शटरिंग उघडल्यावर दिसतं. मला एकच दिवस दिलास तर मी तो दिवस मागेन. व्हायब्रेटर नीट फिरला नसेल तर तळाशी, कोपऱ्यात, पाइपाच्या खाली खडी उघडी पडलेली असते. मिस्त्री वाईट माणूस नसतो, पण तासाभरात तो सिमेंटचा हात मारून ते बुजवतो, कारण त्याला तसंच शिकवलंय. त्यानं हात मारायच्या आधी तिथे पोच. शटरिंग आवळायला भिंतीतून आरपार सळ्या घातल्या असतील तर त्यांची भोकं मोज. प्रत्येक भोक ही गळतीची जागा आहे.

भाचा : आता माझं ऐक. तू सांगितलेल्या सगळ्या चुकांचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं, दरात. शटरिंगवाल्याला चौरस फुटावर पैसे, म्हणून त्याला ते लवकर काढून पुढच्या साइटवर न्यायचंय. काँक्रीट भरणाऱ्यांना दिवसाचे पैसे ठरलेले, म्हणून त्यांना पातळ काँक्रीट हवं, ते लवकर पसरतं. तुमच्या खात्यात सर्वात कमी दराची निविदा घ्यायची आणि मग तिच्यावर पहारा ठेवायचा. मी तसं केलं नाही. तीन जणांपैकी सर्वात स्वस्त होता त्याला सोडलं. ज्याला काम दिलं, त्यानं आठ वर्षांपूर्वी बांधलेला तलाव मालकाकडे जाऊन पाहून आलो. कोरडा आहे, पाण्याची पातळी टिकते. हीसुद्धा तपासणीच आहे, आत्या. तुझ्या टेपपेक्षा मोठी.

आत्या : मोठी आहे. आणि आम्हाला ती करता येत नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्या आठ वर्षांपूर्वीच्या तलावावर जी माणसं होती, ती तुझ्या साइटवर आहेत का? ठेकेदाराचं नाव तेच राहतं, खाली उपठेकेदार बदलतो, त्याच्या खालची बिहार-बंगालची टोळी दर हंगामाला बदलते. आणि एक काम असं आहे, ज्याचे कुणालाच पैसे नसतात. तराई. शटरिंगवाला गेला, काँक्रीटवाले गेले, भिंतीवर पाणी कोण मारणार? पीपीसी सिमेंट असेल तर चौदा दिवस भिंत ओली राहायला हवी. ऑक्टोबरचं ऊनही इथे कोरडं असतं.

भाचा : मग मी चौकीदाराला त्याचे वेगळे पैसे देईन. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, आणि गोणपाट लावून. माझा मुद्दा हाच आहे. ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम होत नाही.

आत्या : दे. हे तू मला शिकवलंस. आणि त्याच न्यायानं एका तपासणाऱ्या इंजिनिअरचेही पैसे दे. ठेकेदारानं आणलेला नको, तुझ्या खिशातून पैसे घेणारा. चार-पाच वेळा येईल. सळई, काँक्रीट, शटरिंग उघडणं, पाण्याची चाचणी.

भाचा : त्या चाचणीवरच माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. ठेकेदार म्हणतो, टाइल लावून एकदाच भरू. तू म्हणतेस, उघडं कवच आधी भर. साठ हजार लिटर पाणी, गुरुग्रामसारख्या ठिकाणी, आणि दोन आठवड्यांनी ते उपसून टाकायचं? मला हे पाप वाटतं.

आत्या : वाटायलाच हवं. पण हिशेब कर. तुझ्या तलावाचा पृष्ठभाग ४५ चौरस मीटर. पातळी दिवसाला एक सेंटिमीटर उतरली तर रोज ४५० लिटर, महिन्याला साडेतेरा हजार. लोक त्याला बाष्पीभवन समजून वरून भरत राहतात. टाइल लागल्यावर गळती कुठून आहे हे शोधायचं म्हणजे टाइल फोडायची, आणि तोवर जमिनीत गेलेलं पाणी परत येत नाही. कवच भरलेलं असताना भिंतीही ओल्या राहतात, म्हणजे तराईचं पाणी वाचतं. उपसलेलं पाणी बागेला दे, शेजारच्या साइटला दे, टाकीत साठव.

भाचा : चाचणी करायची कशी?

आत्या : हळूहळू भर. भरल्यावर सात दिवस काही मोजू नको, काँक्रीट पाणी पिऊन घेतं. मग सात दिवस, चोवीस तासांनी एकदा, एकाच खुणेवर पातळी लिही. झाकलेल्या भूमिगत टाकीला मानक सात दिवसांत २० मिलिमीटरपर्यंत उतार मान्य करतं. उघड्या तलावाला किती, ते इंजिनिअरनं बाष्पीभवन धरून ठरवायचं. त्यासाठी पायरीवर पाण्यानं भरलेली एक बादली ठेव, तिच्यातलं पाणीही मोज. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तर तो फरक गळतीचा. आणि ही चाचणी पाइप बसवल्यावर कर, कारण बऱ्याच गळत्या पाइप भिंतीतून जातात तिथेही असतात.

भाचा : तलावाभोवतीच्या डेकचं तू काही बोलली नाहीस.

आत्या : त्याचा उतार तलावापासून आणि घरापासून दूर हवा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडला २४ जून २०२१ रोजी बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. तिथे पहिल्यांदा खचला तो पोहण्याच्या तलावाच्या बाजूचा डेक. तो सपाट बांधलाय, पाणी वाहून जात नाही आणि खालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, हे एका इंजिनिअरनं २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. पडण्याची कारणं आणखीही होती, मूळ आराखडाच कमजोर होता. पण साचलेलं पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं, हेही खरं. आणि एक राहिलं. पावसाळ्यात तलाव कधी रिकामा ठेवू नको. तुझ्या कवचाचं वजन पन्नास टन आहे. बाहेरचं पाणी तळाच्या वर सव्वा मीटर चढलं तर रिकामं कवच ते वर ढकलू शकतं. बाहेरच्या पाण्याचा दाब सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह तळात आहे का, विचार.

भाचा : विचारतो. पण आत्या, तरीही सांगतो, दर आणि माणसं आधी. टेप नंतर.

आत्या : मी म्हणते टेप आधी. दर आणि माणसं तू निवडलीस, ते झालं. आता जे उरलंय ते टेपचंच आहे.

या दोघांमध्ये मी आत्याच्या बाजूचा आहे. पण भाच्याचा दराचा मुद्दा मला तिच्याही मुद्द्यांपेक्षा अधिक ठिकाणी लागू पडताना दिसतो. ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम होत नाही, हे चौदा दिवसांच्या तराईला जसे खरे आहे तसेच तपासणीलाही. आपल्याकडे घर बांधणारा माणूस संगमरवर निवडायला जयपूरला जातो, नळ निवडायला तीन दुकाने फिरतो, आणि तपासणाऱ्या इंजिनिअरची फी ऐकून मागे हटतो. हे बदलायला हवे.

तलाव बांधायला काढलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. करारातला शेवटचा मोठा हप्ता टाइलशी जोडू नका. तो पाण्याच्या चाचणीशी जोडा, आणि ती चाचणी टाइलच्या आधी होईल असे करारात लिहून घ्या. करार झालेला असेल तर पुरवणी पत्र करा. ठेकेदार चांगला असेल तर तो सही करेल.